दोन टॅबलेट आणि मुकी आई

घरात एखादी वस्तू यायची असली की आपल्याकडे सगळ्या जगाला विचारतात. मेहुण्याला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात, ज्यानं ती वस्तू जन्मात हाताळली नाही अशा मित्रालाही आवर्जून फोन लावतात. विचारत नाहीत ते फक्त एकाला, ज्याला ती वापरायची आहे! काळूराम घरतानं याच्यावरही ताण केली. त्यानं कुणालाच विचारलं नाही. धाकट्या भावाच्या घरात काय आलं एवढंच पाहिलं आणि त्याच्याहून मोठं आणलं.

उरणच्या बाजूला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून या दोन भावांचे दोन बंगले आहेत. थोरल्या काळूरामचे कंटेनर ओढणारे ट्रेलर, धाकट्या हिरामणचा रेती-खडीचा धंदा. दोन बंगल्यांच्या मधे भिंत आणि भिंतीवर फुटक्या काचा. भांडण कशावरून सुरू झालं हे आता दोघांनाही धड सांगता येत नाही, पण ते चालू ठेवण्यात कुणी कसूर करत नाही. एकानं मुलाच्या हळदीला बँजो आणला की दुसरा डीजे आणतो. एकानं गेटावर सिंह बसवला की दुसरा दोन बसवतो. गावाला बसल्या जागी फुकटची करमणूक.

या दोघांनी गुण्यागोविंदानं वाटून घेतलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे आई. वेणूबाई एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. महिना संपला की तिचं गाठोडं बांधायचं आणि भिंतीला दार नाही म्हणून रस्त्यावरून वळसा घालून तिला पोहोचवायचं. याला म्हणे पाळी म्हणतात! गाईगुरांना तरी एक गोठा असतो. वेणूबाई मिठागरावर उन्हात उभी राहून या दोघांना वाढवलेली बाई. तिच्या तोंडाला अख्खं गाव टरकून असायचं, आणि पाळीबद्दल काय वाटतं ते ती पोरांना फाटकन सुनवायची. पण मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर शब्दही गेले. एकच शब्द तेवढा जिभेवर उरला, ‘जल्लं!’ म्हणजे जळलं मेलं!

पाणी हवं तरी जल्लं, भूक लागली तरी जल्लं, नातवंडाच्या गालावरून हात फिरवतानाही जल्लं. लोकांना हसू यायचं. तिला समजत सगळं होतं, आणि लोक हसतात हेही समजत होतं.

पनवेलला सोनल नावाच्या बाई अशा रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांनी दोन्ही भावांना समोर बसवून सांगितलं होतं, “आजींना टॅबलेट द्या. त्यात चित्रं घालू. पाण्याच्या चित्राला बोट लावलं की तो ‘पाणी’ बोलेल. पण घेताना त्यांचा हात बघा, डोळे बघा. उजवा हात चालत नाही, म्हणजे तो डाव्या हातानं उचलता आला पाहिजे. आणि तो सारखा त्यांच्याजवळ राहायला हवा.” हे सगळं चाललं असताना काळूराम मोबाइलवर ड्रायव्हरला शिव्या घालत होता. त्याच्या कानावर ‘टॅबलेट’ एवढाच शब्द पडला.

हिरामणनं बाजी मारली. तो आधी जाऊन एक टॅबलेट घेऊन आला, पातळ, चकचकीत, अरुंद पडद्याचा. आईच्या शेजारी बसून फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, ‘आमच्या मातोश्रींसाठी काय पण’. खाली अंगठ्यांचा आणि हात जोडण्याचा पाऊस पडला. काळूरामनं तो फोटो पाहिला आणि जेवणाचं ताट सरकवलं.

“येला फोटू काढाया आय पायजे व्हती!” तो बायकोवर, कमळवर ओरडला. जसा काही फोटो कमळनंच काढला होता.

दुसऱ्या दिवशी तो पनवेलच्या दुकानात उभा. दुकानदारानं रीतसर विचारलं, “कुणासाठी हवाय? काय काम करायचंय त्यावर?”

“काम कशाला इचारतोस? सगल्यात मोठा दाखव.”

“मोठा जड असतो, शेठ. चित्रकलावाले नेतात, डिझाइनवाले नेतात. घरात बघायला मधला पण...”

“मधला माज्या भावानं नेलाय,” काळूराम म्हणाला. “मना मोठा पायजे.”

दुकानदाराला धंदा करायचा होता, त्यानं मोठा दिला. वर लिहायचं पेन दिलं, कीबोर्ड दिला. ज्या बाईला ओळ लिहिता येत नाही आणि जिचा उजवा हात हलत नाही, तिच्यासाठी काळूरामनं पेन आणि कीबोर्ड आणला!

तिकडे हिरामणच्या घरी मात्र वेगळंच काही घडत होतं. तो टॅबलेट काही आईला सोयीचा नव्हता. चित्रं बारीक दिसायची, वस्तू हातातून निसटायची. पण सोनलबाई नेमानं येत राहिल्या आणि वेणूबाई जिद्दीची. पाणी कुठे, संडास कुठे, ‘दुखतंय’ कुठे, हे तिच्या बोटाला पाठ झालं. भादव्यात तिनं गौरीच्या सणाला स्वतःहून चहा मागितला, तेव्हा धाकट्या सुनेच्या, केसरच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूशी तिचं कधी पटलं नव्हतं तरी आलं.

मग महिना संपला आणि पाळी बदलली. व्हीलचेअर रस्त्यावरून वळसा घालून काळूरामच्या दारात आली. वेणूबाईनं डाव्या हातानं तो टॅबलेट छातीशी धरला होता. काळूरामची नजर आधी त्याच्यावर गेली, आईवर नंतर.

“ही त्याची वस्तू माज्या घरात नको,” तो म्हणाला, आणि त्यानं ती आईच्या हातातून काढून घेऊन व्हीलचेअर ढकलत आलेल्या गड्याला दिली. “परत दे रं त्येना. सांग, काळूराम घरताकडं याच्या दुप्पट हाय.”

“जल्लं!” वेणूबाई किंचाळली. “जल्लं! जल्लं!”

“बगा,” काळूराम कमळकडे वळून समाधानानं हसला. “आय पन त्यालाच शिव्या घालतंय.”

मंडळी, आईच्या तोंडातून जीभ उपटून शेजारी पाठवली तरी ज्याला कळत नाही, त्या माणसाला काय म्हणावं? मला तरी वेणूबाईचाच शब्द योग्य वाटतो.

आता मोठ्या टॅबलेटचं ऐका. तो वेणूबाईच्या मांडीवर ठेवला की घसरायचा. डाव्या हातानं उचलायचा तर एक टोक वर आणि दुसरं खाली. एकदा पडता पडता वाचला, तेव्हा काळूरामनं त्याला हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी स्टँडवर बसवलं आणि वरून मखमलीचं कापड घातलं. वेणूबाईची खाट आतल्या खोलीत. म्हणजे बाईला संडासला जायचं असेल, तर तिनं आधी कुणालातरी हाक मारायची, त्यानं तिला उचलून हॉलमध्ये आणायचं, आणि मग तिनं पडद्यावर बोट ठेवून सांगायचं की मला संडासला जायचंय! त्यात चित्रंही घातलेली नव्हती. दुकानदारानं भरून दिलेले डोंगर आणि धबधबे तेवढे होते. कुणी पाहुणे आले की काळूराम कापड काढून ते धबधबे दाखवायचा.

सोनलबाईंनी फोन केले. काळूरामनं ते उचलले नाहीत. हिरामणकडे येणारी बाई आपल्याकडे कशाला, असा त्याचा हिशेब.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. ट्रेलर धुतले, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. पाना, टॉमी, जॅक असं गाडीचं सामान पाटावर मांडलं आणि त्यांच्या मधोमध तो टॅबलेट ठेवला. काळूरामनं त्याला माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. आणल्यापासून कुणी त्याला मनापासून लावलेलं पहिलं बोट हे असं कुंकवाचं होतं.

दसऱ्याच्या दिवशी कमळनं गोडाधोडाचं केलं. वेणूबाईनं घास तोंडाजवळ नेला आणि ताट ढकलून दिलं. खरं तर ती आधीपासूनच जेवणावरून हात काढत होती, पण दसऱ्याला, पाहुण्यांच्या देखत, ताट ढकललं! काळूरामचा अपमान झाला. हिरामणकडे महिनाभर हीच बाई दोन्ही वेळा जेवत होती हे त्याला ठाऊक होतं.

“आये, दोन घास घे,” कमळ काकुळतीला येऊन म्हणाली.

“जल्लं,” वेणूबाई म्हणाली, आणि तिनं डाव्या हातानं स्वतःच्या तोंडाकडे दाखवलं, मग पुन्हा ताट ढकललं.

“काय बोलतंय कललं का?” काळूराम गरजला. “तुज्या हातचं तोंडात घालवत नाय, असं बोलतंय! हिरामण्यानं कान भरलेत हिचे!”

कमळचा चेहरा उतरला. सबंध दिवस चुलीपुढे उभी होती बिचारी. ती ताट उचलून आत गेली. आणि काळूराम, सणासुदीचा नवा सदरा घालून, तसाच भिंतीपाशी गेला.

“हिरामण्या! बाहेर ये! आयेला काय शिकवून धाडलंस? माज्या घरात उपास करायचा, आनि गावात माजी इज्जत घालवायची?”

पलीकडून हिरामणचं डोकं वर आलं. “आमच्याकडं ती पोटभर जेवायची. तुज्याकडं का जेवत नाय ते तुज्या बायकोला इचार!”

“बायकोचं नाव काढू नको!”

“तू आयेचं काढलंस ना? सांभाल ना मग तिला! मोठा टॅबलेट हाय ना तुज्याकडं? दे खायाला!”

काळूरामनं खालचा दगड उचलला. पलीकडे हिरामणनंही काहीतरी उचललं. रस्त्यावर लोक जमले आणि त्यांच्यातल्या कुणीही मधे पडलं नाही, आधी मोबाइल काढले. तेवढ्यात त्या गर्दीतून सोनलबाई वाट काढत आत आल्या. फोन उचलत नाहीत म्हणून त्या आपणहून निघाल्या होत्या. त्यांनी दगडाकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी कुठे आहेत?”

“आता नाय, मॅडम,” काळूराम म्हणाला. “घरचं भांडन चाललंय.”

“ते मला रस्त्यापर्यंत ऐकू आलं. भांडण कशावरून?”

“आय जेवत नाय. धाकट्यानं शिकवलंय.”

“तुम्ही त्यांना विचारलंत, का जेवत नाही म्हणून?”

“कसं इचारू? तिला बोलता येत नाय!”

“हिरामणकडे येत होतं,” सोनलबाई शांतपणे म्हणाल्या. “टॅबलेट कुठाय त्यांचा?”

काळूरामनं हॉलकडे बोट दाखवलं. टॅबलेट स्टँडवर होता, कालची झेंडूची माळ अजून गळ्यात होती. सोनलबाईंनी ती माळ काढून बाजूला ठेवली. मग इतका वेळ दाबून ठेवलेला राग बाहेर आला.

“काळूरामभाऊ, ट्रेलर घेताना काय पाहता तुम्ही?”

“आता ट्रेलर मधीच कुठून आला?”

“सांगा ना. तुमचा धंदा आहे.”

“काय पाहतो म्हंजे? माल काय, वजन किती, रस्ता कसा, चाळीस फुटी कंटेनर हाय का वीस फुटी. उगीच मोठा घेऊन काय करू? वलनावर अडकेल.”

“वळणावर अडकेल! एवढं कळतं तुम्हाला. लोखंडाची पेटी वाहून न्यायची तर तुम्ही दहा प्रश्न विचारता. आणि जन्म दिलेल्या आईसाठी एकच विचारलंत, हिरामणनं कुठला घेतला? हा टॅबलेट वाईट नाही. चित्र काढणाऱ्या मुलीला दिलात तर ती तुम्हाला दुवा देईल. पण ही बाई एका हाताची आहे, तिला डाव्या बाजूचंच नीट दिसतं, ती खाटेवर असते. तिच्यासाठी ही नुसती काचेची फळी आहे. आणि जो तिला थोडाफार चालत होता, तो तिच्या हातातून काढून घेतलात! तुमचं तोंड कुणी बांधून ठेवलं आणि मग म्हणालं की हा माणूस भांडखोर आहे, तर?”

“तोंड सांभालून बोला,” काळूराम म्हणाला, पण आवाजात मघाचं पाणी राहिलं नव्हतं.

“तो टॅबलेट आणा.”

आता तो आणायचा म्हणजे हिरामणकडे जायचं. काळूराम हलेना. शेवटी कमळच निघाली, डोक्यावरचा पदर सावरत, रस्त्यावरून वळसा घालून. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती त्या दारात उभी राहिली. केसर बाहेर आली, आणि मान खाली घालून म्हणाली, “त्यातली चित्रं पुसली, ताई. तुमच्याकडून परत आला तवा यांना राग आला. आता त्यात आमची रेतीची बिलं हायत.”

घ्या! एकानं आईची जीभ परत पाठवली, दुसऱ्यानं ती पुसून टाकली. दोन बंगले, दोन टॅबलेट, आणि आई मुकीच. या दोघांत डावं-उजवं काय करायचं?

केसर मात्र कमळच्या पाठोपाठ आली. हिरामणही आला आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. सोनलबाईंनी आपल्या पिशवीतून त्यांचा शिकवायचा टॅबलेट काढला. जुना, कोपरे झिजलेला, जाड रबरी कव्हराचा, मागे हात अडकवायला पट्टा असलेला. पडद्यावर मोजकी, मोठी चित्रं. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी वेणूबाईचा डावा पंजा पट्ट्यात अडकवला, टॅबलेट तिच्या छातीवर टेकवला आणि विचारलं, “आजी, जेवत का नाही?”

वेणूबाईनं चित्रांवरून नजर फिरवली. टॅबलेट छातीवर तसाच ठेवून तिनं पंजा पट्ट्यातून सोडवला आणि बोट एका चित्रावर टेकवलं.

‘दुखतंय,’ टॅबलेट बोलला.

“कुठे?” सोनलबाईंनी माणसाच्या शरीराचं चित्र पुढे आणलं. बोट तोंडावर गेलं. पुन्हा तोंडावर. पुन्हा तोंडावर. ‘तोंड. तोंड. तोंड.’ तेच तोंड, ज्याच्याकडे ती सगळ्या पाहुण्यांच्या देखत हात दाखवत होती!

केसरनं पुढे होऊन तिच्या वाकड्या झालेल्या उजव्या गालावर हात ठेवला. “आगं बाय, तापलाय! सुजलाय हा!”

झटक्यानं चेहरा वाकडाच झालेला, म्हणून ती सूज कुणाच्या ध्यानात आली नव्हती. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दसऱ्याच्या संध्याकाळी तिला पनवेलला नेलं, दोन्ही भाऊ एकाच गाडीत, एकमेकांकडे न बघता. डॉक्टरांनी दाढ काढली आणि बाहेर येऊन चांगलंच फैलावर घेतलं. “विष अंगात भिनायला लागलं होतं. अजून थांबला असतात तर दाढेवर निभावलं नसतं. एवढं दुखत असताना बोलल्या कशा नाहीत त्या?”

 काळूरामला ती दारातली किंकाळी ऐकू येत होती. आई हिरामणला शिव्या घालते आहे म्हणून आपण हसलो होतो. ती आपल्याला सांगत होती! माझं बोलणं नेऊ नकोस, असं सांगत होती. दवाखान्याच्या बाकावर बसून तो हमसून हमसून रडला. हिरामण शेजारी बसला होता. त्यानं पाठीवर हात ठेवला नाही, एवढी काही जादू झाली नव्हती. पण तो म्हणाला, “दादूस, चित्रं मी पुसली.” आणि तोही रडला.

वेणूबाई सावरली, तेव्हा सोनलबाईंनी सांगितलं, “माझा टॅबलेट मला परत हवा, दुसऱ्या रुग्णांना लागतो. आता तिचा तिला घ्या.” यावेळी दोघं भाऊ बायकांसह आईलाच घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर टॅबलेट मांडले आणि काळूरामनं तोंड उघडलं, “हा जरा बरा दिसतोय...”

“आता गप बस,” कमळ म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा!

वेणूबाईनं एक उचलून पाहिला. जड. “जल्लं,” म्हणून सरकवला. दुसरा हलका होता, पण पडदा एवढासा. “जल्लं.” तिसऱ्याचा आवाज कमळनं रस्त्यावर उभं राहून ऐकून पाहिला, ट्रेलर गेला की काही ऐकूच येईना. केसरनं पुढचा उन्हात धरला आणि तो दिसेनासा झाला. दुकानदारानं मग नेमकं विचारलं, कुठे बसतात, किती वेळ लाइट जाते, नेट नसलं तरी चालायला हवा ना? आणि एक मधल्या मापाचा, साधाच, दणकट कव्हराचा आणि मागे पट्ट्याचा टॅबलेट पुढे केला. वेणूबाईनं त्यात पंजा घातला. छातीशी धरला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती काहीच बोलली नाही, आणि सोडेचना.

सोनलबाईंनी त्यात चित्रं भरली. बोलण्याचा आवाज कुणाचा ठेवायचा हे वेणूबाईलाच विचारलं. तिनं दोन्ही सुनांकडे पाहिलं आणि दोघींकडे बोट केलं. म्हणून आता त्यातले निम्मे शब्द कमळच्या आवाजात आहेत आणि निम्मे केसरच्या, अस्सल आगरी बोलीत.

बंधूंनो, भगिनींनो, वस्तू घेताना भावाच्या खिडकीत डोकावू नका. ज्याच्या हातात ती जायची त्याचा हात हातात घेऊन पाहा, तो किती पेलतो ते बघा, आणि त्याला विचारा. महाग घेतली म्हणून माया ठरत नाही, आणि ज्याची त्याला दिली नाहीत तर ती भेट नव्हे, मिरवणूक आहे. आणि घरातलं माणूस बोलू शकत नाही म्हणून त्याला सांगायचंच काही नाही, असं समजण्याएवढे निर्दयी होऊ नका.

त्या दिवशी टॅबलेट सुरू करून दिल्यावर काळूराम नेहमीच्या घाईनं चपला घालून निघाला होता. बंदरात गाडी अडकली होती, फोन वाजत होता. मागून आतल्या खोलीतून आवाज आला. आधी कमळचा, मग केसरचा, मग पुन्हा कमळचा.

‘काळू.’

‘बस.’

‘ऐक.’

काळूरामनं फोन बंद केला. चपला काढल्या आणि आईच्या खाटेपाशी जमिनीवर जाऊन बसला. वेणूबाईला बरंच काही सांगायचं होतं.